टपरी उभी असतानाची कविता

"बाईंच्या कवितांनी त्या असताना एक मत वाढलं नाही. आता बघा."

हे अण्णा म्हणाले, आपल्या पडवीत, तुझ्या फोटोकडे पाठ करून. मी चहाचा ट्रे घेऊन दाराच्या आत उभी होते. शेजारच्या माणसाने त्यांना काहीतरी खूण केली असावी, कारण अण्णांनी लगेच आवाज बदलला आणि "काय बाई होती!" म्हणून उसासा टाकला. मी बाहेर जाऊन ट्रे ठेवला. माझ्याकडे बघून त्यांनी रुमालाने डोळे पुसले. डोळे कोरडे होते, आत्या. मी जवळून बघितलं.

तुझं दिवसकार्य अजून व्हायचं होतं. पण तुझ्या प्रभागात पोटनिवडणूक लागणार, आणि तिथे अण्णांची सून उभी राहणार, हे ठरून गेलं होतं. अण्णा तुमच्या पक्षाचे नगरपरिषदेतले गटनेते, तेव्हा ठरवणार तेच. पुढच्या रविवारी शोकसभा घ्यायची, त्यात तुझी टपरीची कविता वाचायची आणि ती मी वाचायची, हेही त्यांनी त्याच चहावर बाबांना सांगितलं. "तिच्या रक्ताचं माणूस वाचेल तर लोकांना भिडेल." बाबा हो म्हणाले. बहीण गेल्यापासून ते सगळ्यालाच हो म्हणतायत. मला कुणी विचारलं नाही. मी कमी बोलते, त्यामुळे माझा होकार लोक धरूनच चालतात.

तू तसं करत नव्हतीस. घरी माणसं यायची, एखादी बाई म्हणायची, "ही भाची बोलत नाही का हो?" आणि तू म्हणायचीस, "तिला नका बोलायला लावू, ती बघतेय." मला तेव्हा फार बरं वाटायचं. इतकं, की आतल्या खोलीत न जाता मी तिथेच बसून राहायचे.

आता वाटतं, तू मला बघायला बसवत होतीस की तुझ्या कामाला?

कारण कामाला तर मी लागलेच होते. मिरजोळ्याला माझं ऑफिस सुटलं की मी स्कूटर घेऊन नगरपरिषदेच्या दाराशी यायची आणि तू मागे बसायचीस. तुला चालवता येत होती, पण दोन्ही हात मोकळे हवेत म्हणायचीस, नमस्कार करायला. मध्ये काही वर्षं प्रशासक होता, नगरसेवक कुणीच नव्हतं, तेव्हाही तुझे हात तसेच वर-खाली होत राहिले. आणि या सगळ्यात तू माझ्या कानामागे कविता म्हणत असायचीस. एक ओळ म्हणायचीस, मग "काय हो, मुलगी कशी आहे आता?", मग पुढची ओळ. मी ओळी डोक्यात धरून ठेवायची आणि गाडी थांबली की फोनमध्ये टाइप करायची. मला मराठी लिहिण्याचा सराव नाही, मी इंग्रजी अक्षरं मारते आणि फोन त्याचं मराठी करतो. तुला त्याची मजा वाटायची. "आमच्या मॅडमच्या हातून कविता आधी विलायतेला जाते आणि मग रत्नागिरीला येते."

त्यातूनच एकदा चूक झाली. तुझ्या ओळी होत्या:

तू गेलास तेव्हा अंगणात ऊन होतं.
अजून तिथेच आहे.

आणि त्याच दमात तू रस्त्यातल्या एका गृहस्थांना गटाराच्या झाकणाबद्दल काहीतरी म्हणालीस. तुझा आवाज बदलला नव्हता. मी घरी येऊन तीही ओळ खाली लिहिली:

झाकण उद्या बसवायला सांगते.

तू वाचलंस आणि इतकी हसलीस की चष्मा काढून ठेवावा लागला. मी खोडायला लागले तर माझा हात धरलास. "राहू दे गो. हीच ओळ बरी आहे." कविता तशीच राहिली. झाकण काही दुसऱ्या दिवशी बसलं नाही. पंधरवडा गेला, मग महिना. मी रोज तिथून स्कूटर वळवून न्यायची आणि मनात म्हणायची, कवितेत गेलं म्हणजे बाई मोकळी झाली.

तो ‘तू’ कोण, हे मी कधी विचारलं नाही. तू लग्न का केलं नाहीस हेही नाही. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, असंही मला वाटत नाही.

एकदा मी विचारलं होतं ते एवढंच, की माझ्यासमोरच का म्हणतेस या कविता. तू म्हणालीस, "तुला कळत नाहीत म्हणून." हसत म्हणालीस, पण मला ते लागलं. नंतर कधीतरी दुसरं कारण सुचलं. मला कळत नाहीत म्हणजे मी कुणाला सांगणार नाही. पक्षाच्या लोकांत तुला ‘कवयित्री बाई’ म्हणायचे ते तुला समितीवर घ्यायचं नसलं की. आणि कविसंमेलनात सूत्रसंचालक तुझी ओळख ‘लोकप्रिय नगरसेविका’ अशी करून द्यायचा, म्हणजे पुढच्या रांगेतले कवी एकमेकांकडे बघून घ्यायचे. एका ठिकाणी तू कविता करतेस म्हणून कच्ची, दुसऱ्या ठिकाणी निवडून येतेस म्हणून कच्ची. मधल्या रस्त्यात, स्कूटरवर, मी होते. तिथे तुला कुणी तपासत नव्हतं.

पण मी तपासत होते, आत्या. तुला हे कळलं होतं का?

प्रभागात कुणी गेलं की तू जायचीस. जाऊन त्यांच्या स्वयंपाकघरात शिरायचीस, कपबश्या विसळायचीस, म्हातारीच्या पाठीवरून हात फिरवत बसायचीस. मी दारातून बघायची आणि मनात निवडणूक किती लांब आहे ते आठवायची. निवडणूक होऊन गेली तरी तू जात राहिलीस, तेव्हा मला जरा शरमल्यासारखं झालं. मग परतीच्या वाटेवर तू त्याच म्हातारीवर ओळी म्हणायला लागलीस आणि मला पुन्हा तुझा संशय आला. एका माणसाचं दुःख तू दोनदा वापरतेस असं वाटायचं. तरी त्या ओळी चांगल्या असायच्या. ते मला कळायचं, तू काहीही म्हण.

आता ठरावाचा दिवस.

तू चष्मा स्कूटरच्या डिकीत विसरलीस म्हणून मी तो द्यायला सभागृहाच्या दाराशी आले होते. आत मांडवीचा विषय चालू होता. किनाऱ्यालगतच्या टपऱ्या काढायच्या, तिथे बाक, दिवे आणि पुढेमागे गाळे करायचे. सुशोभीकरण. कुणीतरी म्हणालं, अनुकूल असतील त्यांनी हात वर करा. हात वर गेले. तुझा गेला नाही. अण्णांनी मान वळवून तुझ्याकडे बघितलं. रागाने नाही, जेवणाच्या पंगतीत एखाद्याने अजून भात घेतला नाही म्हणून बघावं तसं. मग तुझा हात वर गेला. सगळ्यांच्या नंतर गेला, पण गेला. मी शिपायाकडे चष्मा देऊन खाली येऊन थांबले.

येताना तू मांडवीवरून चल म्हणालीस. शेवंतीमावशीची टपरी उघडी होती. ती भजी तळत होती आणि स्कूटर बघून तिने झारा हलवला. "या ओ ताय, गरम हाईत!" तू म्हणालीस, "आज नको गो, पोट बरं नाही." थोडं पुढे गेल्यावर तू कविता म्हणायला लागलीस. मी गाडी बाजूला घेतली आणि तिथेच टाइप केली. एकही शब्द तुला बदलावा लागला नाही.

टपरी उचलली, जागा राहिली.
जागेला अजून तेलाचा वास आहे.
समुद्र रोज येऊन विचारतो,
इथली बाई कुठे गेली?
मी नव्या बाकावर बसून
त्याला किती वाजले ते सांगते.

मागे वळून बघितलं तर टपरीतून धूर येत होता. गिऱ्हाईक उभं होतं.

त्या संध्याकाळी आपण वालाचं बिरडं सोलत बसलो होतो. मी सहसा वाद घालत नाही, पण त्या दिवशी मला राहवलं नाही.

"आत्या, टपरी अजून उभी आहे."

"माहीत आहे."

"मग तिच्यावर रडायची एवढी घाई कशाला?"

"रडलेली नाहीये मी त्यात. नीट वाच."

"हात खाली ठेवता आला असता."

"आला असता. मग टपरी राहिली असती?"

"निदान..."

"निदान मी बरी दिसले असते." तू वाल पाण्यात टाकलास. "तुला बरी दिसले असते, आरशात बरी दिसले असते. शेवंतीला त्याचा काय उपयोग?" मग म्हणालीस, "नवे गाळे होतील त्यातला कोपऱ्यातला तिला मिळणार आहे. अण्णांनी शब्द दिलाय. त्यावर हात वर केला."

"लिहून दिलंय?"

"आली इंग्लिश मीडियम! अगं, इथे शब्द चालतो."

"आणि नाही चालला तर?"

"तर मी आहे ना विचारायला."

हे सगळं तू वालांकडे बघत बोललीस. आणि मी तुझ्याबरोबर इतकी फिरले होते की मला तुझा आवाज ओळखता यायचा. लोकांना तू ‘बघते’ म्हणालीस की काम व्हायचं. ‘बघते हं’ म्हणालीस की व्हायचं नाही. पण ‘शब्द दिलाय’ हे तू पहिल्यांदाच म्हणत होतीस, मला ते कुठे ठेवायचं कळेना. तो शब्द खरंच दिला गेला होता, की भाचीचं तोंड बंद करायला तू तो तिथेच, बिरडं सोलता सोलता तयार केलास? पुढे मी अधूनमधून टोचून बघितलं. "गाळ्याचं काय झालं?" "होईल." "शेवंतीमावशीला सांगितलंस?" "हातात आल्याशिवाय सांगू नये."

टपऱ्या काढल्या त्या दिवशी तू दापोलीला होतीस, कविसंमेलनाला. अण्णा गाडी देत होते ती न घेता पहाटेची एसटी पकडलीस. ती तारीख तुला आधी माहीत होती का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी गेले होते बघायला. शेवंतीमावशीने कढई स्वतः बाहेर काढली, कुणाला हात लावू दिला नाही. तेल गरम होतं अजून. तू रात्री आलीस तेव्हा मी तुला काही सांगितलं नाही आणि तू विचारलं नाहीस. त्यानंतर आपलं बोलणं ‘जेवलीस का’, ‘किल्ली कुठे आहे’ एवढ्यावर आलं. स्कूटरवर तू मागे गप्प बसायचीस. तू ओळी म्हणायची थांबलीस की माझ्यासमोर म्हणायची थांबलीस, तेही मला माहीत नाही. मी मनात म्हणत होते, अजून थोडे दिवस हिला असंच राहू दे. तुझ्याकडे तितके दिवस नव्हते.

तू गेलीस त्या दिवशी बाबांनी तुझी एखादी कविता मागितली. फोन उघडल्यावर सगळ्यात वर तीच होती. बाबांनी ती नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली आणि तिथून ती गावभर फिरली. टपऱ्या गेल्यापासून मांडवीचे लोक पक्षावर चिडलेलेच होते. अण्णांना अचानक कळलं की आपल्याच बाईने टपरीवर कविता करून ठेवली आहे.

शेवंतीमावशी भेटायला आली. पडवीत पुरुष बसले होते म्हणून मागच्या दाराने आली. फणसाच्या पानात बांधून चार भजी आणली होती, तुझ्यासाठी ठेवायला.

"बाय, कविता केलान म्हंतात माज्यावर. मला वाचता येत न्हाय. दाव बघू बोलून."

मी वाचून दाखवली. ती भिंतीला टेकून ऐकत होती.

"तेलाचाच वास कशाला लिवलान? कोकमाचा पन व्हता की. माजा कोकम सरबत पिऊनच तर मोठी झाली ती." मग हसली. मग पदर तोंडाला लावला. "मोडली तवा आली न्हाय गो बघायला. मी वाट बघली. म्हटला, ताय येल, निदान बाजूला उभी ऱ्हाईल. आता कळला. घरात बसून रडत व्हती ती."

ती गैरसमजुतीत होती आणि तिला बरं वाटत होतं. मी तिला काय सांगणार होते? की मावशी, ही कविता झाली तेव्हा तू आम्हाला भजी खायला बोलावत होतीस? की तुझ्या तायने टपऱ्या काढायला हात वर केला? की तुझा गाळा ठरलाय, पण तो ठरलाय हे सांगणारी एकच होती आणि ती आता पडवीतल्या फोटोत आहे? यातलं काही एक सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

"आता काय करतेस मावशी?" एवढंच विचारलं.

"घरातून डबे करतंय. पायऱ्या चढून देयाला जायचा, गुडगे दुकतात." आणि जाताना म्हणाली, "ऐतवारी येतंय मी. तू वाचनार ना? मोठ्यान वाच हां."

रविवारी सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर तुझा मोठा फोटो होता, ज्यात तू बरी दिसत नाहीस. अण्णांची सून पांढऱ्या साडीत पहिल्या खुर्चीवर होती. शेवंतीमावशी मागून दुसऱ्या रांगेत, शेजारी टपऱ्या गेलेली आणखी माणसं. अण्णा बोलायला उठले. "ताईंचं काळीज या टपरीवाल्यांसाठी तुटत होतं. त्या सभागृहात बसल्या आमच्याबरोबर, पण मन त्यांचं किनाऱ्यावर होतं. तेच काम आता आम्हाला पुढे न्यायचंय." सून मान खाली घालून ऐकत होती. मला त्यांच्या बोलण्यात एकही वाक्य असं सापडेना, की जे सरळ खोटं आहे. मला तुझी आठवण आली, आत्या. तूही असंच बोलायचीस, पण तुझ्या बोलण्यात झाकणाची एक ओळ चुकून येऊन बसायची.

मग त्यांनी मला बोलावलं. माईक माझ्या हनुवटीच्या वर होता, तो खाली करायलाही कुणीतरी यावं लागलं. मी कविता वाचली. मोठ्याने वाचली. ‘मी नव्या बाकावर बसून’ या ओळीशी आले आणि पहिल्यांदा मला ती ओळ नीट ऐकू आली. समुद्र बाईचा पत्ता विचारतोय आणि ‘मी’ त्याला वेळ सांगतेय. बाकावर बसलेली ती ‘मी’ तूच होतीस. नीट वाच, असं तू म्हणाली होतीस. समोर लोक डोळे पुसत होते आणि तुझा कबुलीजबाब त्यांना गाऱ्हाणं म्हणून ऐकू जात होता. ओळ इतकी सरळ आहे, तरीही.

कुणीतरी टाळी वाजवली आणि लगेच थांबलं. अण्णा माईक घ्यायला पुढे आले. मी माईक सोडला नाही. गाळ्याबद्दलचं तुझं म्हणणं खरं होतं की नाही, हे मला त्या क्षणीही माहीत नव्हतं. आजही नाही. शब्द दिलेला असेल तर तो अण्णांना आठवत असेल. दिलेला नसेल, तर तू माझ्याशी खोटं बोललीस आणि आता तेच मी इतक्या लोकांसमोर बोलणार होते. तुझ्यावर विश्वास आहे म्हणून मी बोलले, असं कुणी म्हटलं तर ते बरोबर नाही. गुडघे धरून पायऱ्या चढणारी बाई मागच्या रांगेत बसली होती आणि विचारायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"आत्याने त्या ठरावाला हात वर केला होता," मी म्हणाले.

मागच्या रांगेत शेवंतीमावशीने मान वर केली, तिच्याकडे मला बघवेना. अण्णा माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू म्हणाले, "बाळ, ते आता नको. आपण नंतर बसून बोलू." हात जड होता. बाबा खुर्चीतून अर्धे उठले होते.

मी माईक दोन्ही हातांनी धरला.

"अण्णाकाका, नव्या गाळ्यांतला कोपऱ्यातला गाळा शेवंतीमावशीला द्यायचा, असा शब्द तुम्ही आत्याला दिला होतात. मावशी इथेच बसल्या आहेत. दिला होतात ना?"